बगळ्याचा डोळा

आंबेखोलमध्ये ते यंत्र आलं तेव्हा बनवणाऱ्या कंपनीनं ठेवलेलं त्याचं लांबलचक नाव कुणाच्याच तोंडी बसेना. उंच, अरुंद चार चाकं, वर पांढऱ्या पत्र्याचा सांगाडा आणि पुढं वाकलेली मान. मानेच्या टोकाला कॅमेरे आणि बारीक नळ्या. भाताच्या ओळींमधून ते सावकाश सरकायचं, मध्येच थबकायचं, मान खाली घालायचं, तणाच्या नेमक्या पानावर औषधाचा थेंब टाकायचं आणि पुन्हा चालू लागायचं. दुसऱ्या दिवशीपासून सगळा गाव त्याला 'बगळा' म्हणू लागला.

बगळा गावच्या शेतकरी कंपनीच्या मालकीचा, पण त्याची सूत्रं वृषाली येसणेच्या हातात होती. वृषाली गडहिंग्लजच्या कॉलेजातून बीएस्सी झालेली. नवरा संपत आंबोली घाटातून विजेवरची एसटी चालवायचा आणि शेती वृषालीच बघायची. यंत्र गावात आलं त्या दिवशी सगळ्यांनी त्याच्यासोबत फोटो काढून घेतले, आणि वृषालीनं यंत्राच्या कंपनीचा इंजिनिअर सादिक मकानदार याला बाजूला घेऊन विचारलं, "हे चुकलं तर कुणीकडं चुकतं? तण सोडतं, का भात मारतं?"

सादिक हसला होता. "ताई, ते तुम्ही सांगाल तसं चुकतं," तो म्हणाला.

आणि ते खरंच तसं होतं. बगळा स्वतः काहीच ठरवत नसे. तो पानाचं चित्र घ्यायचा, लाखो चित्रं बघून तयार झालेल्या आपल्या मेंदूला विचारायचा, आणि मेंदू सांगायचा की हे भात असण्याची खात्री इतकी, तण असण्याची इतकी. पुढं काय करायचं ते माणसानं आधीच मोबाइलवर ठरवून द्यायचं. पहिली निवड अशी, की फक्त ओळखीचं तण मारायचं की भात सोडून जे जे हिरवं दिसेल ते सगळं मारायचं. दुसरी निवड शंकेची. एखादं रोप धड भातासारखं नाही, धड तणासारखंही नाही, तर काय करायचं? मारायचं, सोडायचं, की नुसत्या रंगीत पाण्याचा थेंब टाकून खूण करायची आणि मग माणसानं मागाहून येऊन बघायचं?

खूण करायचा पर्याय वृषालीनं वाचला आणि सोडून दिला. मागनं माणूसच जायचं असेल तर यंत्र कशाला? तिनं निवडलं 'भाताशिवाय सगळं' आणि 'शंका आली तर मार'.

आंबेखोल हे बियाण्याचं गाव. इथलं सुवासिक घनसाळ भात बियाणं म्हणून तालुकाभर जायचं, आणि बियाण्याच्या भातात तणाचं बी सापडलं की अख्खा माल खाण्याचा भात म्हणून विकावा लागायचा. म्हणून वृषालीला रान असं लागायचं, की उभ्या ओळींमधून खालची माती आरपार दिसली पाहिजे. पहिल्याच पावसाळ्यात तिचं रान तसं दिसलं. बांधावरनं जाणारा माणूस पाय थांबवून बघत राहायचा. मग एकेक जण तिच्याकडे यायला लागला. "वृषाली, तुझं जे हाय तेच माझ्याबी रानाला लाव." दुसऱ्या पावसाळ्यात सगळ्या गावाचा बगळा वृषालीच्याच पद्धतीनं चालला. शेजारच्या गावांनीही ऐकून तसंच केलं.

सगळ्या गावाचा म्हणताना एक रान मात्र वगळायचं. ते तिच्या थोरल्या जावेचं, सुमित्राअक्काचं.

वाटणीनंतर दोघींची रानं बांधाला बांध लागून आली होती. अक्काच्या रानात आजही पैऱ्याच्या बायका भांगलायला, म्हणजे तण काढायला, यायच्या. आज हिच्या रानात, उद्या तिच्या, असं कामाला काम फेडत फिरायच्या. डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी, हातात खुरपी आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. वृषाली लग्न होऊन आली तेव्हा पहिली दोन वर्षं अक्काच्या शेजारच्या ओळीलाच बसायची. तिथंच तिला गावातल्या माणसांची नाती कळली आणि अक्काची जीभही कळली. माया असायची त्या जिभेत, पण ती ठेचलेल्या मिरचीसारखी.

बगळ्याच्या दुसऱ्या वर्षी ते सगळं बिनसलं. बांधावर अक्कानं चवळी लावली होती. वेल पसरत पसरत वृषालीच्या बाजूला उतरले. बगळ्याला ते भात नाहीत एवढंच दिसलं. आठवड्याभरात वेल पिवळे पडले, आणि औषध वेलातून पार मुळापर्यंत गेल्यामुळं अक्काच्या बाजूचीही चवळी बसली. अक्का बांधावर येऊन उभी राहिली. भांडली नाही, तेच वाईट झालं. एवढंच म्हणाली, "तुझ्या यंतराला माणूस ओळखू येतंय न्हवं? का त्येबी भात न्हाई म्हणून..." आणि वळून निघून गेली. वृषालीनं माफी मागितली, चवळीचं बी नेऊन दिलं. अक्कानं ते घेतलंही. पण त्यानंतर दोघींमध्ये देवाधर्मापुरतं आणि पैपाहुण्यांपुरतंच बोलणं उरलं.

चौथ्या वर्षी गणपती गेले आणि भात निसवायला लागलं. पोटऱ्या फुटून लोंब्या बाहेर पडायच्या त्या दिवसांत वृषाली सकाळी एकदा तरी रानातून फेरी मारायचीच. घनसाळचा वास उन्हाबरोबर वर यायचा. त्या दिवशी ती बांधावरनं चालता चालता थांबली. ओळी सरळ, माती स्वच्छ, पानं एकसारखी. पण काही लोंब्या वेगळ्या होत्या. भाताची लोंबी बाहेर पडली की हळूहळू मान टाकते. या ताठ होत्या, आखूड, खरबरीत, एका बाजूला दाटलेल्या. आधी तिला एकच दिसली. मग शेजारच्या चुडात, रोपांच्या झुबक्यात, दुसरी दिसली. मग डोळ्यांना सवय झाल्यासारखं झालं आणि जिकडं बघावं तिकडं त्याच दिसायला लागल्या.

ते पाखड होतं. भातातलं जुनं, चिवट तण. पण पाखड कधी असं दिसतं? ते बुडाशी लालसर असतं, फताडं पसरतं, लांबूनही ओळखू येतं. हे भाताच्या चुडासारखंच उभं होतं. बूड हिरवं, पानं तेवढीच रुंद, रंग तोच. वृषालीनं एक रोप उपटलं आणि पान देठाला जिथं मिळतं तो सांधा वाकवून बघितला. भाताला त्या सांध्यात पातळ, पांढुरकी, टोकदार जिभळी असते. इथं काहीच नव्हतं, नुसता गुळगुळीत सांधा. तिनं दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. मग तिनं तिथूनच सादिकला फोन लावला.

दुपारपर्यंत सादिक गाडीवरून आला. त्याला बांधावर उभं राहून काहीच कळेना.

"ताई, रान तर एक नंबर हाय."

"आत या," वृषाली म्हणाली.

दोघांनी बगळ्याला सपाट जागेवर उभं केलं. भाताची काही रोपं आणि हे नवं पाखड, दोन्हींच्या लोंब्या खुडून टाकल्या, कारण बगळा औषध टाकत फिरतो तेव्हा लोंब्या नसतातच, आणि एकेक रोप त्याच्या कॅमेऱ्यासमोर धरलं. भात धरलं, मोबाइलवर आलं: भात. पाखड धरलं: भात. पुन्हा पाखड, पुन्हा भात. शंकासुद्धा नाही, पूर्ण खात्री. मग वृषाली बांध ओलांडून अक्काच्या रानाच्या कडेला गेली आणि तिथलं जुन्या वळणाचं, लाल बुडाचं एक पाखड उपटून घेऊन आली. ते धरल्याबरोबर बगळ्यानं मान खाली घातली आणि थेंब टाकला.

सादिकनं कपाळावरचा घाम पुसला. "म्हणजे ह्यो आंधळा न्हाई."

"आंधळा असता तर बरं होतं," वृषाली म्हणाली. "याचा डोळा चांगला हाय, म्हणूनच हे झालंय."

तिच्या डोक्यात ते दुपारभर हळूहळू जुळत गेलं होतं. कुठल्याही गवतात सगळी रोपं एकसारखी नसतात. पाखडात शेकड्यानं लाल बुडाची, तर एखादं हिरव्या बुडाचं. बहुतेक पसरणारी, तर एखादं उभं वाढणारं. माणसानं शेकडो वर्षं भात भांगललं. हाताला जे पाखड म्हणून ओळखू आलं ते उपटलं गेलं, जे जरासं भातासारखं होतं ते चुकून राहिलं आणि त्याचंच बी पडलं. म्हणूनच तर पाखड भाताची एवढी नक्कल करतं. ती नक्कल माणसाच्या हातानंच त्याला शिकवली. पण त्याला पिढ्यान्‌पिढ्या लागल्या, कारण माणसांची चूक सारखी नसते. एकीला बुडाचा रंग दिसतो, दुसरीला पानाची धार, तिसरीचं लक्षच गप्पांत असतं. एकीच्या हातून सुटलेलं दुसरीच्या हाताला लागतं. बगळ्याचं तसं नव्हतं. या रानात, त्या रानात, पलीकडच्या गावात, सगळीकडं मेंदू तोच आणि त्याला दिलेला हुकूमही तोच. तो चुकायचा तेव्हा सगळीकडं एकाच जागी चुकायचा. ज्याच्यावर शंकासुद्धा येणार नाही असं तेवढंच पाखड वाचलं, आणि त्याला मोकळं रान मिळालं. चार हंगामांत त्यानं तो एकच डोळा पाठ केला.

"आम्ही मेंदू बदलून देऊ," सादिक म्हणाला. "या नव्या पाखडाची चित्रं घालून. पुढच्या पावसाळ्याआधी येईल."

"पुढच्याचं पुढं बघू. याचं काय?" तिनं रानाकडं हात केला. "पाखडाचं बी भाताच्या आधी पिकून झडतं. ते झडलं की जमिनीत गेलं. आता औषध चालायचं नाही. हातानंच काढायला पाहिजे, आणि लोंब्या पिकायच्या आत."

"एवढ्या रानातनं? कोण काढणार?"

वृषालीनं बांधापलीकडच्या अक्काच्या रानाकडं बघितलं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

संध्याकाळी ती अक्काच्या दारात गेली. अक्का सोप्यात पाय पसरून बसली होती आणि गुडघ्यांना तेल चोळत होती. शेजारी सुपात अळूची पानं पडली होती.

"काय धाकटे, वाट चुकलीस?"

"न्हाई अक्का. तुमच्याकडंच आलीया."

"बस की मग. उभं राहून बोलाय काय सरकारी माणूस हायस?"

वृषाली बसली आणि हातातलं पाखडाचं रोप तिनं पुढं ठेवलं. अक्कानं ते उचललं, उलटंपालटं केलं, सांध्यावरून अंगठा फिरवला.

"पाखड की हे."

"माझ्या रानात हाय. सगळ्या रानभर. गावातबी सगळ्यांच्या रानात असंल. बियाण्याचा सगळा माल जाईल, अक्का."

अक्कानं सांधा पुन्हा एकदा चाचपला. वृषालीला वाटलं, आता चवळी निघणार. पण अक्का म्हणाली, "माझ्याबी रानात असंल मग. तुझ्या बाजूनं पाणी माझ्याकडंच उतरतंय. आन्‌ मला तरी हल्ली कुठं सगळं दिसतंय? गेल्या साली मळणीला माझ्या भातात निघालं हुतं. कुणाला सांगितलं न्हाई."

"तुमच्या पैऱ्याच्या बायका..."

"पैरा म्हणजे काय फौज हाय व्हय गं? पारू लेकीकडं गेली. लक्ष्मीचं डोळ्याचं झालंय. चौघी-पाच जणी उरलोय, आन्‌ त्यात माझं हे गुडघं." तिनं तेलाची वाटी बाजूला सारली. "सकाळी किती वाजता यायचं?"

वृषाली काही बोलायला गेली.

"आता रडाय लागलीस तर न्हाई येणार बघ," अक्का म्हणाली.

सकाळी अक्का आली, तिच्या बायका आल्या, आणि त्यांना बघून आणखी आल्या. दुपारपासून गडी माणसंही उतरली, कारण तोपर्यंत प्रत्येकानं आपापल्या रानात जाऊन लोंब्या बघितल्या होत्या. बियाण्याच्या रानातून भेसळ काढायची म्हणजे उभ्या भातात ओळीनं शिरायचं, धक्का न लावता चालायचं, ताठ लोंबी दिसली की चूड मुळासकट उपटायचं आणि बांधावर आणून टाकायचं. संपतनं सुट्टी काढली. सादिकसुद्धा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून रानात उतरला, आणि पहिल्या तासाभरात त्यानं पाखडापेक्षा भातच जास्त उपटलं. अक्कानं त्याला बांधावर बसवून जिभळी दाखवली. "डोळं मीट," ती म्हणाली, "आन्‌ नखानं बघ. टोचलं तर भात." मग त्याला जमायला लागलं. मग तो इतका रंगला की जेवायला बोलावलं तरी येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी जावा बांधावर भाकरी सोडून बसल्या होत्या. कितीतरी दिवसांनी त्या एका फडक्यातलं खात होत्या. अक्का पाय लांब करून म्हणाली, "वाकायला आता होत न्हाई गं. शोधतानाच निम्मा जीव जातोय. उपटाय काय लागतंय?" थोडा वेळ ती बगळ्याकडं बघत राहिली. तो कडेला उभा होता, मान खाली घालून, कामाला न लावलेल्या बैलासारखा. "तुझं ते यंतर बिनऔषधाचं चालतं काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे नुसतं दावायचं. ह्यो बघा, ह्यो बघा. मारायचं आमी."

वृषालीच्या हातातला घास तसाच राहिला. तो पर्याय मोबाइलवर पहिल्या दिवसापासून होता. तिनंच तो वाचून सोडून दिला होता, कारण तिला यंत्र आणि माणूस यांतलं एकच पाहिजे होतं. दोन्ही एकमेकांच्या मागून चालतील असं तिच्या मनातच आलं नव्हतं.

"चालतं," ती म्हणाली. "निळ्या पाण्यानं खूण करतंय."

"मग इतकी वर्षं सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही बोलत कुठं होतासा?"

अक्का तोंडात भाकरी असतानाच हसली आणि तिला ठसका लागला. वृषालीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ पूर्वीपेक्षा बरीच बारीक झाली होती.

लोंब्या पिकायच्या आत बहुतेक पाखड निघालं. बियाणं तपासायला आलेल्या माणसांनी मुठी भरभरून भात बघितलं आणि कपाळाला आठ्या घालूनच, पण पास केलं. वरच्या आळीतल्या एका रानाचा माल मात्र परत आला. गावाला तेवढा इशारा पुरे होता.

उन्हाळ्यात कंपनीचा नवा मेंदू आला. त्याबरोबर सगळ्यांसाठी एक सोयही आली. 'आपोआप' असं एकच बटण. ते दाबलं की पुढं शेतकऱ्यानं काही ठरवायचं नाही. अख्ख्या तालुक्यातल्या बगळ्यांना त्या त्या वेळी सगळ्यांत चांगला ठरलेला हुकूम वरूनच जाणार. शेतकरी कंपनीची बैठक शाळेच्या वर्गात भरली. अध्यक्ष विष्णुअण्णा नलवडे लहान मुलांच्या बाकावर कसेबसे मावले होते.

"बटण दाबा आन्‌ मोकळं व्हा," ते म्हणाले. "हायेत की तितं शिकलेली माणसं."

माना डोलल्या. सादिक मागं भिंतीला टेकून उभा होता. तो कंपनीचा माणूस, तो काही बोलू शकत नव्हता. पण त्यानं वृषालीकडं बघितलं.

वृषाली उभी राहिली. "अण्णा, नवा मेंदू चांगला हाय. मी बघितलाय. ते पाखड तो ओळखतो. पण पुन्हा सगळ्यांना एकच डोळा दिला, तर पाखडाला पुन्हा एकच धडा पाठ करायचाय. चार वर्षांत करंल, न्हाई तर पाच."

"मग काय करायचं म्हणतीस?"

"शिवाराचे चार भाग करूया. एका भागात नवा मेंदू, कडक. दुसऱ्यात जुना, पण शंका आली तर सोडायचं, आणि निसवताना हातानं भेसळ काढायची. तिसऱ्यात औषधच न्हाई. बगळा पुढं खूण करणार, मागनं पैऱ्याची माणसं नखानं बघून काढणार. चौथ्यात पेरणीच पंधरवडाभर उशिरा. तण आधी उगवू द्यायचं, कुळवून टाकायचं, मग भात पेरायचं. आणि दरसाल भाग फिरवायचे. पाखड एका डोळ्याला फसवंल. चौघांना एकदम कसं फसवणार?"

वर्गात कुजबुज सुरू झाली. मधल्या बाकावरचा एक जण उठला. "म्हणजे माझं रान मुद्दाम घाण ठेवायचं? आन्‌ शेजारच्याचं स्वच्छ? ह्यो कुठला न्याय?"

प्रश्न बरोबर होता. वृषालीनं त्याच्यावर आठवडाभर विचार केला होता आणि तिला उत्तर एकच सापडलं होतं. ते उत्तर तिला स्वतःलाच आवडत नव्हतं. खूण करायच्या भागात तण उशिरापर्यंत उभं राहणार, माती दिसणार नाही, बांधावरनं जाणारा माणूस नाक मुरडणार.

"खुणेचा भाग माझ्या रानापासनं सुरू करा," ती म्हणाली.

आंबेखोलमध्ये वृषालीच्या रानाचा नमुना दाखवला जायचा. ती ते घाण ठेवते म्हणाल्यावर दुसऱ्याला बोलायला जागा उरली नाही. तेवढ्यात दाराजवळून आवाज आला.

"मग कडक माझ्या रानात घाला."

सगळ्या माना वळल्या. सुमित्राअक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ज्या बाईनं चार वर्षं यंत्राला बांध ओलांडू दिला नव्हता, ती म्हणत होती, "बघू तरी किती कडक हाय. माझ्या गुडघ्यास्नी एक साल सुट्टी मिळंल. पण एक सांगून ठेवते, बांधापासनं दोन हात आत चालायचं. बांध माझा हाय."

"लावते तशी हद्द," वृषाली म्हणाली.

विष्णुअण्णांनी बाकावरून स्वतःला सोडवून घेतलं. "दोघी जावा बांध बदलून बसल्या," ते म्हणाले, "मग आमी काय बोलायचं?"

तो पावसाळा वृषालीला जड गेला. तिच्या रानात जुलैच्या उघडीपीत हिरवा कल्लोळ माजला. केना, माठ, लव्हाळा, पाखड, सगळं भाताच्या बरोबरीनं. बांधावरनं जाताना ती मान वळवायचीच नाही. पलीकडं अक्काचं रान फणीनं विंचरल्यासारखं दिसायचं, आणि अक्का मुद्दाम बांधावर खुर्ची टाकून चहा प्यायची. मग बगळा वृषालीच्या रानातून निळे ठिपके टाकत गेला, आणि त्याच्या मागून माणसं बसली. आता शोधायचं नव्हतं. ठिपका दिसला की सांधा चाचपायचा, टोचलं तर सोडायचं, नाही टोचलं तर उपटायचं. तरुण पोरीसुद्धा आल्या, कारण काम भराभर उरकत होतं आणि गप्पांना वेळ राहत होता. अक्का दोन दिवस खुर्चीत बसली. तिसऱ्या दिवशी खुर्ची घेऊनच वृषालीच्या रानात आली, कडेला बसली आणि सगळ्यांच्या चुका काढत राहिली.

त्यात एक गोष्ट वृषालीच्या लक्षात आली. बगळ्यानं निळा ठिपका टाकला नव्हता अशा काही रोपांशीसुद्धा तिची बोटं थांबत होती. दर वेळी ते पाखडच निघायचं असं नाही. पण निघायचं तेव्हा ती ते रोप सादिककडं द्यायची, तो त्याची चित्रं काढून पाठवायचा, आणि मेंदूला तेवढी भर पडायची. उलटंही व्हायचं. आपण निवांत सोडून दिलेल्या रोपावर ठिपका बघून ती ओशाळायची. बगळ्याचं आणि तिचं आता मालक-नोकरासारखं राहिलं नव्हतं. एकमेकांच्या कामावर नजर ठेवणारी दोन माणसं असावीत तसं काहीसं झालं होतं.

निसवताना तिनं रान बघितलं. ताठ लोंब्या होत्या, पण तुरळक. आणि पहिल्यांदाच त्यांत लाल बुडाचं, फताडं, जुन्या वळणाचं पाखडही दिसलं. पूर्वी ते दिसलं असतं तर तिनं कपाळावर हात मारून घेतला असता. आता तिला बरं वाटलं. पाखडाला आता एकाच साच्यात बसायची गरज उरली नव्हती.

या चार भागांच्या तिसऱ्या वर्षापर्यंत गावाला त्याची सवय झाली. भाग फिरत राहिले. बियाणं दरसाल पास होत गेलं, कधी सहज, कधी घासून. तण पूर्ण संपलं असं कुणी म्हटलं नाही, आणि त्याची कुणाला लाजही वाटेना. कडक भाग मिळालेला माणूस त्या सालापुरता ऐट करायचा आणि पुढच्या साली गपचूप निळ्या ठिपक्यांमागं बसायचा. मेमधली वाटपाची बैठक तर जत्रेसारखी व्हायला लागली. दोन शेजाऱ्यांना एकच भाग आला की तिसराच कुणीतरी उठून हरकत घ्यायचा. ज्यांची एकमेकांशी बोलचाल नव्हती त्यांनाही निदान त्या दिवशी विचारावं लागायचं की बाबा, तू काय घेतलंस?

अशाच एका मे महिन्यात पलीकडच्या खोऱ्यातल्या गावाहून दोन जण गाडी घेऊन वृषालीकडं आले. त्यांच्या गावात नवाकोरा बगळा आला होता. चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं. मग त्यातल्या वयस्कर माणसानं मोबाइल काढून पुढं धरला. पडद्यावर सगळे पर्याय ओळीनं मांडलेले होते.

"ताई, तुमचं नाव ऐकून आलोय," तो म्हणाला. "यातला सगळ्यांत चांगला कुठला तेवढं सांगा, म्हणजे डोळं झाकून तोच लावतो."

वृषालीनं मोबाइल हातात घेतला, पर्यायांवरून एकदा नजर फिरवली आणि तो त्याला परत दिला.

"सांगते," ती म्हणाली. "पण आधी सांगा, शेजाऱ्यानं कुठला घेतलाय?"

तो माणूस गोंधळला. त्यानं सोबत्याकडं बघितलं, सोबत्यानं त्याच्याकडं.

"शेजाऱ्याचं आन्‌ आमचं बोलणं न्हाई, ताई."

"मग जाऊन विचारून या," वृषाली म्हणाली. "तोवर मी दुसरा चहा ठेवते."